स्थायी की संचारी? अमेरिकन दूरचित्रवाणीवरील कुमारवयीन शोक

काही वर्षांपूर्वी आमच्या अकरावीच्या वर्गातील एक मुलगी वडिलांच्या निधनानंतर चौदाव्या दिवशी महाविद्यालयात परतली. तेरावे आदल्या दिवशी झाले होते. आम्ही तिला राहिलेली टिपणे मैत्रिणीकडून उतरवून घेण्यास सांगितले, 'काळजी घे' असे काहीतरी पुटपुटलो आणि फळ्याकडे वळलो. मुलगी नेटाने अभ्यासाला लागली. वार्षिक परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले आणि शिक्षकांच्या खोलीत तिच्या धीराचे कौतुकही झाले. बारावीच्या दुसऱ्या सहामाहीत मात्र ती वर्गात येईनाशी झाली. तोवर वडिलांच्या मृत्यूला जवळजवळ दीड वर्ष लोटले होते, आणि तिच्या गैरहजेरीचा त्या मृत्यूशी काही संबंध असेल असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. मुलीचे लक्ष उडाले, एवढाच निष्कर्ष निघाला; तो सर्वांना सोयीचा होता.

ज्या वर्गात हे घडले त्याच वर्गात आम्ही रसविचार शिकवीत होतो, हे नमूद करताना संकोच वाटतो. भरतमुनींनी आठ स्थायी भाव सांगितले आणि तेहेतीस व्यभिचारी अथवा संचारी भाव सांगितले. शोक हा स्थायी. करुण रसाचा तो पाया. ग्लानी, चिंता, विषाद हे येऊन जाणारे. शोक येऊन जात नाही, तो मुक्कामाला राहतो आणि बाकीचे भाव त्याच्या अंगणातून ये-जा करतात. हे आम्ही फळ्यावर लिहीत होतो, आणि समोर बसलेल्या मुलीच्या शोकाला मात्र तेरा दिवसांचा संचारी भाव समजत होतो.

हीच चूक एका संपूर्ण माध्यमाने कित्येक दशके केली आणि मग हळूहळू सुधारली, असे आमच्या ध्यानात आले ते अमेरिकन मालिका पाहताना. नेटफ्लिक्स २०१६च्या जानेवारीत भारतात आल्यापासून आमचे विद्यार्थी या मालिका आमच्याआधी पाहून येतात; त्यांच्या मागोमाग आम्हीही त्यांकडे वळलो. आपल्याकडील दैनंदिन मालिकांत मरणांची वाण नाही. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. येथे अमेरिकेपुरतेच बोलायचे आहे, कारण शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनाच नायक-नायिका करून त्यांच्याभोवती वर्षानुवर्षे मालिका रचण्याची परंपरा तेथे सलग आढळते, आणि तिच्यात मृत्यूला जागा देण्याचे प्रयत्न क्रमाने पाहता येतात.

लहान मुलाला मृत्यू समजावून सांगण्याचे काम त्या दूरचित्रवाणीने फार लवकर आणि फार चांगले केले. 'सेसमी स्ट्रीट'मधील दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२च्या डिसेंबरात वारले. निर्मात्यांनी दुसरा नट आणला नाही, की हूपर गावाला गेल्याची थाप मारली नाही. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी प्रसारित झालेल्या भागात बिग बर्ड या सहा वर्षांच्या बालबुद्धीच्या पक्ष्याला मोठ्या माणसांनी स्पष्ट सांगितले, की हूपर आता परत येणार नाहीत. बालकाला असे जवळ घेऊन सांगता येते. कुमारवयीन मुलाचे तसे नसते. मृत्यू म्हणजे काय हे त्याला ठाऊक असते. मात्र घरात मृत्यू झाला की त्याने नेमके कोठे उभे राहायचे, हे ठरलेले नसते. कुशीत घ्यावे इतका तो लहान नाही आणि व्यवहार हाती द्यावा इतका मोठा नाही. दूरचित्रवाणीलाही त्याला कोठे उभे करावे हे बराच काळ कळले नाही.

याला एक धंद्याचे कारणही होते. अमेरिकन मालिकांचा खरा नफा पुनःप्रसारणात असे. सुमारे शंभर भाग जमले, की मालिका स्थानिक वाहिन्यांना विकली जाई, आणि त्या वाहिन्या ते भाग कोणत्याही क्रमाने, कोणत्याही दुपारी दाखवू शकत. त्यामुळे प्रत्येक भाग जेथे सुरू झाला तेथेच संपलेला बरा. पात्रांना स्मरणशक्ती असणे ही विक्रीतील अडचण होती. मग मृत्यूसारखा गंभीर विषय घ्यायचा तर त्यासाठी एखादा 'अतिविशेष' भाग जाहिरात करून योजला जाई. त्या रात्री सगळे रडत, आणि पुढच्या आठवड्यात सर्व पूर्ववत होई.

या पद्धतीतील उत्कृष्ट नमुना म्हणून 'फॅमिली टाइज'च्या १२ मार्च १९८७ रोजीच्या तासाभराच्या भागाकडे बोट दाखवावे लागेल. अॅलेक्स कीटन हा कुमारवयाचा उंबरठा नुकताच ओलांडलेला, हुशार आणि आत्मतुष्ट मुलगा. मित्राला सामान हलवण्यास मदत करायचे तो टाळतो, मित्र एकटा जातो आणि मोटार अपघातात मरतो. उत्तरार्धात अॅलेक्स जवळपास रिकाम्या रंगमंचावर उभा आहे, आणि कधीच न दिसणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञाच्या प्रश्नांना उत्तरे देतो आहे. मायकेल जे. फॉक्स यांचे काम आजही थक्क करते. लेखनाला एमी पुरस्कार मिळाला तोही योग्यच. तरीही ज्याच्यासाठी एवढा आकांत झाला तो मित्र त्या भागापूर्वी प्रेक्षकांना माहीतच नव्हता. त्याला मरण्यासाठीच आणले होते. शोक येथे एका रात्रीचा पाहुणा आहे: आला, मंच गाजवला, गेला. शास्त्राच्या भाषेत, स्थायी भावाला संचाऱ्याची भूमिका दिली गेली.

१९९१च्या नोव्हेंबरात 'बेव्हर्ली हिल्स, ९०२१०'मध्ये स्कॉट स्कॅनलन हा मुलगा स्वतःच्याच वाढदिवसाच्या मेजवानीत वडिलांचे पिस्तूल मिरवताना गोळी सुटून मरतो. येथे एक पाऊल पुढे पडले होते. स्कॉट पहिल्या पर्वापासूनचा होता आणि त्याचा जिवलग मित्र डेव्हिड त्याला मागे टाकून शाळेतील मिरवणाऱ्या मुलामुलींच्या टोळक्यात सामील झाला होता. मेलेल्या मित्राविषयी दुःख असणे वेगळे, आणि आपण त्याला आधीच सोडून दिले होते हे जाणवणे वेगळे. हे दुसरे दुःख कुमारवयाचे खास आहे, कारण त्या वयात मैत्र्या महिन्यामहिन्याला बदलतात आणि मृत्यू मधूनच येऊन एखाद्या बदलावर कायमचा शिक्का मारतो. लेखकांना ही नस सापडली होती. मात्र मालिकेला उन्हाळा, समुद्रकिनारा आणि प्रेमप्रकरणे यांची घाई होती.

खरा पालट १२ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झालेल्या 'पार्टी ऑफ फाइव्ह'ने घडवला. या मालिकेत मृत्यू दाखवलेलाच नाही. ती सुरू होते तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतील सॅलिंजर भावंडांचे आईवडील मद्यधुंद चालकामुळे झालेल्या अपघातात जाऊन सहा महिने उलटले आहेत. थोरला चार्ली चोवीस वर्षांचा. त्यानंतर बेली सोळाचा, ज्यूलिया पंधरा वर्षांची, क्लॉडिया अकराची आणि ओवेन तान्हा. वाहिनीला मोठ्यांवाचून राहणाऱ्या मुलांच्या धमालीची मालिका हवी होती, असे सांगितले जाते. ख्रिस्तोफर कायझर आणि एमी लिपमन या निर्मात्या-लेखकांनी पोरकेपणाची मालिका दिली. सांत्वनाला येणारे येऊन गेले आहेत, घरी आणून दिलेले जेवणाचे डबे थांबले आहेत आणि तान्ह्याला सांभाळणारी बाई शोधायची आहे, अशा ठिकाणी कथा उघडते. शोकाचा प्रारंभ नव्हे, शोकाचा संसार. प्रेक्षकसंख्या कमी असूनही वाहिनीने मालिका टिकवली. १९९६ साली तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा गोल्डन ग्लोब मिळाला, आणि ती २०००च्या मे महिन्यापर्यंत चालली.

या मालिकेने काळाला काम करू दिले. पहिल्याच पर्वात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, अपघाताला कारण झालेला माणूस शिक्षा भोगून सुटतो आणि भावंडांसमोर येतो. तेव्हा बेली सर्वांत धीराचा, घर सावरणारा वाटतो. तिसऱ्या पर्वात, म्हणजे १९९६-९७मध्ये, हाच बेली दारूच्या आहारी जातो आणि नशेत मोटार चालवून आपल्या मैत्रिणीला जखमी करतो. ज्याच्या आईवडिलांना मद्यपी चालकाने मारले तो मुलगा नेमका त्याच चालकाच्या जागी जाऊन बसतो. एकटा पाहिला तर हा प्रसंग अतिरंजित वाटेल. सलग पाहणाऱ्याला मात्र तो अटळ वाटतो, कारण या मुलाने सहा महिन्यांत सावरून दाखवले होते आणि त्याच्या सावरण्याची किंमत कोणी विचारली नव्हती.

याच सुमारास मानसशास्त्रातही असेच काही दिसू लागले होते. सर्वसामान्य वाचकांत तोवर एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या १९६९ सालच्या पुस्तकातील पाच अवस्थांचा बोलबाला होता. वस्तुतः त्या अवस्था मरणासन्न रुग्णांच्या मुलाखतींवरून मांडल्या होत्या. मागे राहणाऱ्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या, आणि दूरचित्रवाणीच्या लेखकांना तर त्या फारच मानवल्या, कारण पाच पायऱ्यांचा जिना एका भागात चढता येतो. फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वॉर्डन यांनी बोस्टन परिसरातील ७० कुटुंबांतील, आई किंवा वडील गमावलेल्या ६ ते १७ वयाच्या १२५ मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. वॉर्डन यांचे त्यावरील पुस्तक १९९६ साली आले. ही मुले आणि इतर मुले यांच्यातील फरक पहिल्या वर्षाअखेरीपेक्षा दुसऱ्या वर्षाअखेरी अधिक ठळक झाला, असे त्यात आढळले. ते वाचताना आमच्या डोळ्यांपुढे बारावीच्या हजेरीपटावरील एक नाव आले.

आता ज्या भागाविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही त्याकडे वळू. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही मालिका वरवर पाहता पिशाच्चांची. तिच्या पाचव्या पर्वातील, २७ फेब्रुवारी २००१ रोजीचा 'द बॉडी' हा भाग जॉस व्हीडन यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला. बफीची आई जॉइस मेंदूतील रक्तवाहिनी फुटून मरते. पिशाच्च नाही, शत्रू नाही, कोणावर सूड घ्यावा असा कोणी नाही. संपूर्ण भागात पार्श्वसंगीताचा एक सूरही नाही.

बफी वीस वर्षांची आहे. आम्हांला महत्त्वाची वाटते ती तिची चौदा वर्षांची धाकटी बहीण डॉन. तिला सांगायला हवे, असे बफी म्हणते, आणि पुढच्याच क्षणी डॉन शाळेच्या स्वच्छतागृहात हुंदके देताना दिसते. प्रेक्षक समजतो, कळले वाटते. पण ती रडते आहे वर्गातल्या मुलीने केलेल्या अपमानामुळे. या एका जोडणीत कुमारवयाचे दुःख किती नेमके पकडले आहे! चौदाव्या वर्षी ते रडणेही तितकेच खरे असते; अर्ध्या तासाने तेच रडणे क्षुल्लक ठरणार आहे, आणि बहुधा या मुलीला पुढे त्याचीही लाज वाटणार आहे.

मग चित्रकलेचा तास. मुलांपुढे एक पुतळा ठेवला आहे. बाई सांगतात, की पुतळा काढू नका, त्याच्या भोवतालची रिकामी जागा काढा. डॉन काढू लागते, जवळच्या मुलाशी दोन शब्द बोलते, थोडी हसतेही. दारात बफी येते. दोघी बाहेरच्या मार्गिकेत जातात आणि कॅमेरा वर्गातच थांबतो. काचेपलीकडे बफीचे ओठ हलतात, शब्द धड पोहोचत नाहीत. डॉन खाली कोसळते. वर्गातील मुले आपापल्या चित्रांपाशी उभी राहून पाहत असतात. शेवटी दिसते ते तिचे अपुरे चित्र, न काढलेल्या आकृतीभोवतीची जागा.

पुतळ्याच्या प्रतीकाची उकल वर्गात आम्ही सहज करू शकतो, आणि म्हणूनच ती येथे लांबवत नाही. आमच्या मनात राहते ती काच. कॅमेऱ्याने जी जागा धरली आहे ती शिक्षकाची आणि वर्गमित्रांची जागा आहे. दुःख दिसते आहे, ऐकू येत नाही, आणि तास चालू आहे.

या भागाचे कौतुक पुष्कळ झाले. त्यापुढचा 'फॉरेव्हर' हा भाग मात्र सहसा विसरला जातो. वाहिनीच्या वेळापत्रकामुळे तो सात आठवड्यांनी, १७ एप्रिलला आला. त्यात डॉन मंत्रतंत्राने आईला परत आणू पाहते. रात्री दारावर थाप पडते. इतका वेळ कामे उरकीत सुटलेली बफी त्या थापेने कोसळते आणि आई म्हणून दाराकडे धावते. तिची ती अवस्था पाहून डॉन आईचे छायाचित्र फाडते, आणि दार उघडते तेव्हा बाहेर कोणी नसते. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची १९०२ सालची 'माकडाचा पंजा' ही कथा वाचलेल्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. कथेत म्हातारा बाप हे करतो. येथे चौदा वर्षांची मुलगी थोरल्या बहिणीला वाचवण्यासाठी आईला दुसऱ्यांदा जाऊ देते. घरात तिला जागा मिळते ती त्या क्षणी. रचनेच्या दृष्टीने भाग विस्कळीत आहे हे खरे, परंतु 'द बॉडी' नंतरच्या आठवड्यात सगळे पूर्ववत झाले नाही, हे त्यानेच दाखवले.

त्याच वर्षी सुरू झालेल्या 'सिक्स फीट अंडर'मध्ये अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करणाऱ्या घरातील क्लेअर ही शाळकरी मुलगी वडिलांच्या मृत्यूची बातमी नशेत असताना ऐकते, आणि पुढील पाच पर्वे त्या बातमीच्या सावलीत वाढते. '१३ रीझन्स व्हाय'विषयी (२०१७) आम्हांला फारसे बोलायचे नाही. मृत मुलीच्या ध्वनिफिती ऐकत जाणाऱ्या मुलाच्या त्या कथेत शोकाचे कोडे झाले आणि कोड्याला उत्तर असते असा आभास झाला. आत्महत्येचे दृश्य टीकेनंतर २०१९ साली नेटफ्लिक्सने काढून टाकले. ते मुळातच नको होते.

'नेव्हर हॅव आय एव्हर' (२०२०-२३) पाहताना मात्र आपल्याकडील प्रेक्षक सावरून बसतो. कॅलिफोर्नियातील देवी विश्वकुमार ही तमिळ कुटुंबातील पंधरा वर्षांची मुलगी. शाळेच्या संगीतसभेत ती वाद्य वाजवीत असताना प्रेक्षकांत बसलेले वडील मोहन हृदयविकाराने कोसळतात. त्यानंतर काही महिने देवीचे पाय चालत नाहीत. ते पुन्हा चालू लागतात ते एका देखण्या मुलाला पाहण्यासाठी उठताना. हे विनोदी आहे, आणि विनोदी म्हणूनच सांगितले आहे. आपल्या शास्त्रकारांनी हास्य आणि करुण यांना परस्परविरोधी रस मानले. मिंडी कलिंग आणि लँग फिशर यांनी या मालिकेत दोन्ही एकाच ताटात वाढले आहेत, आणि तरी रसभंग होत नाही. याचे कारण आम्हांला असे वाटते, की हास्य येथे देवीच्या पळण्याचे आहे आणि करुण ती ज्यापासून पळते त्याचा. पळण्यात ती मैत्रिणींना दुखावते. वडिलांऐवजी तू मरायला हवी होतीस, अशा अर्थाचे आईला बोलते. दुःखी मुलगी गोड असते, असा संकेत दूरचित्रवाणीने वर्षानुवर्षे पाळला होता. देवी तो निःसंकोच मोडते.

१९८७ साली अॅलेक्सला प्रश्न विचारणारा आवाज पडद्यामागे होता. देवीच्या डॉ. रायन समोर बसलेल्या आहेत, आणि देवी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येत राहते, बहुतेक वेळा मुलांविषयीच बोलते. उपचार म्हणजे एकदाच घडणारा कबुलीजबाब नव्हे, हे त्या खोलीतील फुकट गेलेल्या तासांनी कळते.

पहिल्या पर्वाच्या शेवटी मायलेकी मालिबूच्या किनाऱ्यावर मोहन यांच्या अस्थी विसर्जित करतात. मराठी प्रेक्षकाला येथे खटकते ते हे, की रक्षा इतके महिने घरातच होती. आपल्याकडे अस्थी गोळा करून सहसा दहा दिवसांच्या आत विसर्जित करतात; त्यानंतर दहावे, तेरावे, मासिक, वर्षश्राद्ध असे काळाचे टप्पे नेमलेले. या टप्प्यांत सोय आहे आणि धाकही आहे. अमेरिकेतील या घरात ते पंचांग नाही, म्हणून विसर्जन देवीच्या तयारीची वाट पाहत थांबले. आम्हांला प्रथम ते बेपर्वाईचे वाटले. दुसऱ्यांदा पाहताना तसे वाटले नाही.

तरीही देवीचा शोक अखेर देवीचा, फार तर तिच्या घराचा. 'रिझर्व्हेशन डॉग्ज' (२०२१-२३) या स्टर्लिन हार्जो आणि टायका वाइटिटी यांच्या मालिकेत तो एका गावाचा होतो. ओक्लाहोमातील ओकर्न या कल्पित गावातील चार आदिवासी मुले, एलोरा, बेअर, विली जॅक आणि चीझ. पाचवा डॅनियल वर्षापूर्वी आत्महत्या करून गेला आहे. कॅलिफोर्नियाला जाण्याचे स्वप्न त्याचे होते. चौघे ते पुरे करण्यासाठी चोऱ्या करून पैसे साठवतात. मृत्यूचे दृश्य मालिकेचे भांडवल होत नाही. दुसऱ्या पर्वात एलोराची आजी मेबल मृत्यूशय्येवर असते तेव्हा घर माणसांनी भरून जाते: कोणी चुलीपाशी, कोणी गाणी म्हणत, कोणी जुन्या चहाड्या सांगत. मित्राच्या मृत्यूने एकटी पडलेली ही मुलगी दुसऱ्या मृत्यूच्या वेळी एकटी नसते. त्याच पर्वात विली जॅक डॅनियलच्या आईला तुरुंगात भेटायला जाते. तेथील यंत्रातून घेतलेली खाऊची पाकिटे हाच तिचा नैवेद्य. मुलगा गमावलेली ती बाई आधी रागावते, मग त्या मुलीला प्रार्थना करायला शिकवते, आणि क्षणभर त्यांच्याभोवती पूर्वज उभे असलेले दिसतात.

२०२३च्या सप्टेंबरात आलेल्या अखेरच्या भागाचे नाव 'डिग', म्हणजे खणणे. गावातील वृद्ध वैदू फिक्सिको वारला आहे. मंडळी खड्डा खणतात, मोठ्या भांड्यांतून स्वयंपाक करतात, गेलेल्याची थट्टा करतात. आणि डॅनियलचे मित्र या खेपेस काचेपलीकडे नाहीत. ते गावच्या कामात आहेत, आणि इतर सर्वांसारखीच त्यांच्याही हाताला माती लागली आहे.